घाटात ड्रोन उडवताना स्क्रीनवरची उंची कुठून मोजलेली असते? आंबोलीसाठी पूर्ण माहिती

पावसाळा लागला की आपल्या सगळ्यांच्या फीडमध्ये आंबोली दिसायला लागते. कावळेसादच्या कड्यावर वाऱ्याने उलटं वर उडणारं पाणी, महादेवगडाखालून वर चढणारे ढग, घाटरस्त्यावरचा मुख्य धबधबा. यातले बरेच व्हिडिओ आता ड्रोनने काढलेले असतात. २५० ग्रॅमच्या आतले ड्रोन सॅकच्या कोपऱ्यात मावतात आणि रिमोटला आपलाच फोन लागतो, त्यामुळे ग्रुपमध्ये एकाकडे तरी ड्रोन असतोच.

मी सावंतवाडीचा, नोकरीला पुण्यात, सॉफ्टवेअर इंजिनिअर. गावी गेलो की आंबोलीला एक चक्कर होतेच आणि पॉइंटवर ड्रोनवाली मंडळी भेटतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "किती वर न्यायचा?" सपाट मैदानात हा प्रश्न बरोबर आहे. कड्यावर मात्र आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: "कुठून किती वर?" या लेखात तेच नीट समजून घेऊ. सोबत वारा, धुकं, नियम आणि पॉइंटवर पाळायची शिस्त हेही पाहू.

थोडक्यात

- ड्रोनच्या स्क्रीनवरची उंची टेकऑफच्या जागेपासून मोजलेली असते. ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून नाही.
- नियमातली १२० मीटरची मर्यादा मात्र जमिनीपासूनची आहे.
- कड्यावरून दरीवर गेलं की या दोन आकड्यांमध्ये शेकडो मीटरचा फरक पडू शकतो.
- रिटर्न टू होमची उंचीसुद्धा टेकऑफच्या जागेपासूनच धरली जाते, म्हणून घाटात ती दरवेळी नव्याने सेट करायची.
- ड्रोन दरीत पडला तर तो आणायला खाली उतरायचं नाही.

ड्रोनला उंची कळते कशी?

ड्रोनमध्ये उंचीसाठी साधारण तीन गोष्टी असतात.

१. बॅरोमीटर. हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर. आपण वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीच्या आसपास आणि आंबोलीच्या उंचीपर्यंत साधारण ८ ते ९ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. आजचे सेन्सर याच्याही बारीक भागाचा फरक ओळखतात, त्यामुळे ड्रोन एक-दोन फूट वर-खाली झाला तरी कळतं. असाच सेन्सर अनेक फोनमध्येही असतो. सॅमसंगच्या २०११ च्या गॅलेक्सी नेक्ससमध्ये तो होता आणि २०१४ च्या आयफोन ६ पासून आयफोनमध्येही आला. तुमचं हेल्थ ॲप "आज इतके जिने चढलात" असं सांगतं, ते याच्याच जोरावर.

२. जीपीएस. हे मुख्यतः जागा सांगायला आहे. उंचीसुद्धा सांगतं, पण उपग्रह सगळे आपल्या डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून आडव्या अंतरापेक्षा उंचीतली चूक जास्त असते. एका बाजूला उंच कातळ असेल तर अर्धं आकाश झाकलं जातं आणि चूक आणखी वाढते.

३. खालचा सेन्सर. ड्रोनच्या पोटाला कॅमेरा किंवा प्रकाश टाकून अंतर मोजणारा सेन्सर असतो. खरी जमीन हाच "पाहतो". पण लहान ड्रोनमध्ये त्याची पोहोच साधारण १० मीटरपर्यंतच असते. त्यावर गेलं की हा सेन्सर गप्प.

म्हणजे १० मीटरच्या वर गेल्यावर ड्रोन बॅरोमीटरच्या भरवशावर असतो. आणि बॅरोमीटरला जमीन कळत नाही, फक्त दाब कळतो. म्हणून टेकऑफच्या क्षणी जो दाब असेल त्याला ड्रोन "शून्य" समजतो आणि पुढचं सगळं त्या शून्यापासून मोजतो. स्क्रीनवर उंचीच्या जागी "३०" दिसत असेल, तर त्याचा अर्थ "जिथून उडालो त्याच्यापेक्षा ३० मीटर वर" इतकाच.

आंबोलीत हा आकडा का फसवतो?

आंबोली गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. सावंतवाडीहून घाट चढून आलात की सह्याद्रीच्या माथ्यावर पोचता. गावाच्या पूर्वेला घाटमाथ्याचा प्रदेश लांबवर पसरलेला आहे. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसतं. कावळेसाद, महादेवगड हे पॉइंट या तुटलेल्या काठावरच आहेत.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोबाला सोपे घेतले आहेत.

- तुम्ही उभे आहात तो कडा: समुद्रसपाटीपासून ७०० मीटर.
- ड्रोनच्या खाली दरीचा तळ: ४०० मीटर.
- स्क्रीनवर उंची: ३० मीटर.

ड्रोन समुद्रसपाटीपासून ७३० मीटरवर आहे. खालची जमीन ४०० मीटरवर. म्हणजे ड्रोन जमिनीपासून ३३० मीटर उंच आहे. स्क्रीन मात्र शांतपणे ३० दाखवते आणि ॲपसुद्धा काही बोलत नाही, कारण ॲपमधली १२० मीटरची मर्यादा त्याच शून्यापासून मोजलेली आहे.

या उदाहरणात दरीच्या मध्यभागी नियमात राहायचं असेल तर ड्रोन ४०० अधिक १२०, म्हणजे ५२० मीटरच्या खाली हवा. तेव्हा स्क्रीनवर उणे १८० दिसेल! ड्रोन तुमच्या पायाखाली इतका खोल गेला की मधे कड्याची कड येते, सिग्नल तुटतो आणि ड्रोन डोळ्यांनाही दिसत नाही. थोडक्यात, खोल दरीच्या मध्यभागी जाऊन कड्याकडे वळून घेतलेला तो प्रसिद्ध शॉट बहुतेक वेळा नियमात बसत नाही किंवा सुरक्षितपणे बसत नाही. यावर उपाय असा की ड्रोन माथ्याच्या जमिनीवरच ठेवायचा, काठाच्या आत, आणि कॅमेरा दरीकडे झुकवायचा. फ्रेममध्ये दरीची खोली तेवढीच येते.

उलट बाजूही लक्षात घ्या. घाटरस्त्यावरच्या धबधब्याच्या पायथ्याशी टेकऑफ केला आणि उताराला धरून वर गेलात, तर स्क्रीनवर ९० मीटर दिसेल पण झाडाचा शेंडा १० मीटरवर असेल. इथे नियम मोडत नाही, पण ड्रोन मोडतो.

उड्डाणाआधी फरक कसा काढायचा?

घरी नेट असतानाच गूगल अर्थवर आंबोली उघडा. तुमची टेकऑफची जागा आणि ड्रोन जिथे न्यायचा ती जागा, दोन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून लिहून ठेवा. वजाबाकी केली की दरीची खोली मिळते. एक काळजी घ्या: उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या नकाशात बहुतेक वेळा एकेका चौकोनाला एकच सरासरी उंची दिलेली असते. सरळ तुटलेल्या कड्यावर अर्धा चौकोन माथ्यावर आणि अर्धा दरीत असू शकतो. म्हणून अगदी काठावरचा आकडा धरू नका, थोडं आतलं आणि थोडं बाहेरचं ठिकाण घ्या.

हाच प्रश्न स्कायडायव्हर कसा सोडवतात?

उंचीचा शून्य कुठे ठेवायचा हा प्रश्न ड्रोनच्या खूप आधीपासून विमानातून उडी मारणाऱ्यांना पडलेला आहे. त्यांच्यासाठी तर तो जिवाचा प्रश्न आहे.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी आणि २०११ मध्ये पद्मश्री. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून साधारण २१,५०० फुटांवरून उडी घेतली. आकडा ऐकून वाटतं केवढी उंची! पण त्या उतरल्या काला पत्थरला, जी जागा स्वतःच साधारण १७,४०० फुटांवर आहे. म्हणजे पायाखाली खरी हवा होती सुमारे ४,००० फूट. नेहमीच्या स्कायडायव्हिंगमध्ये १०,००० ते १३,००० फूट मिळतात. समुद्रसपाटीपासूनचा आकडा मोठा असला तरी पॅराशूट उघडायला मिळणारा वेळ खालच्या जमिनीवरच ठरतो.

स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मनगटावर उंची दाखवणारं अल्टिमीटर असतं, हेल्मेटमध्ये ठरावीक उंचीला कानात बीप देणारं दुसरं असतं. आणि पिशवीच्या आत एक छोटा संगणक असतो, ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस, म्हणजे एएडी. माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याला उंचीचं भान राहिलं नाही, तर हा संगणक राखीव पॅराशूट बंद ठेवणारा दोरीचा फास कापतो आणि पॅराशूट आपोआप बाहेर येतं. जर्मनीत बनलेलं सायप्रेस हे १९९१ मध्ये आलेलं यातलं सर्वांत गाजलेलं उपकरण.

एएडी दोन गोष्टी पाहतं: उंची आणि वेग. नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण ७५० फूट, म्हणजे सुमारे २२५ मीटरवर येऊनही वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच ते चालतं. पॅराशूट उघडलेलं असेल तर वेग खूपच कमी असतो, म्हणून ते गप्प राहतं. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन अटी आणि मधे "अँड".

आता महत्त्वाचं. एएडीसुद्धा बॅरोमीटरवरच चालतं. जमिनीवर सुरू केलं की तिथला दाब हा त्याचा शून्य. विमान जिथून उडालं तिथेच उतरायचं असेल तर प्रश्न नाही. पण उतरायची जागा ३०० मीटर उंच असेल आणि तसं उपकरणाला सांगितलंच नसेल तर? ते जिथे २२५ मीटर समजून चालायला हवं, ती पातळी खऱ्या जमिनीच्याही ७५ मीटर खाली येईल. म्हणजे उपकरण व्यवस्थित, बॅटरी व्यवस्थित, आणि उपयोग शून्य. म्हणून दुसऱ्या उंचीवर उतरायचं असेल तर स्कायडायव्हर उडीआधी हा फरक उपकरणात भरतात.

आपल्या छोट्या ड्रोनमध्ये असा फरक भरायची सोय सहसा नसते. म्हणून तो आपल्याला डोक्यात ठेवावा लागतो. आणखी सोपं म्हणजे रिमोटला कागदाची चिठ्ठी चिकटवायची: "दरी अधिक ३००".

रिटर्न टू होम: घाटातली तीन सेटिंग्ज

सिग्नल गेला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन स्वतःहून परत येतो. आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो, सरळ रेषेत होम पॉइंटच्या डोक्यावर येतो आणि उतरतो. मैदानात हे उत्तम चालतं. घाटात तीन गोष्टी तपासा.

१. परतीची उंची. ही टेकऑफच्या जागेपासून धरली जाते. धबधब्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या वळणावरून उडवत असाल आणि बाजूचा कडा झाडांसकट ६० मीटरचा असेल, तर परतीची उंची ३० मीटर ठेवून चालणार नाही. ड्रोन सरळ कातळात जाईल. परतीच्या वाटेवरची सगळ्यात उंच वस्तू बघा आणि त्यावर किमान २० मीटर धरा.

२. सिग्नल गेल्यावर काय करायचं. ॲपमध्ये तीन पर्याय असतात: परत ये, जागेवर थांब, खाली उतर. दरीवर "खाली उतर" म्हणजे ड्रोनला कायमचा रामराम. "जागेवर थांब" म्हणजे बॅटरी संपेपर्यंत थांब आणि मग रामराम. घाटात "परत ये" हाच पर्याय ठेवा.

३. जवळ असताना काय होतं. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही मॉडेलमध्ये ड्रोन होम पॉइंटच्या अगदी जवळ असेल तर तो आधी वर चढत नाही, आहे त्याच उंचीवर सरळ परत येतो किंवा तिथेच खाली उतरायला लागतो. मैदानात हे ठीक. पण ड्रोन तुमच्या पायाखाली, कड्याच्या भिंतीसमोर १० मीटरवर असेल, तर "सरळ परत" म्हणजे भिंतीत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये हे अंतर दिलेलं असतं, ते बघून ठेवा. आणि काठाच्या पातळीखाली जायचंच नाही असं ठरवलंत तर प्रश्नच मिटतो.

होम पॉइंट नोंदला गेल्याशिवाय, म्हणजे पुरेसे उपग्रह मिळाल्याशिवाय टेकऑफ करू नका. नांगरतास धबधब्यासारख्या अरुंद घळीच्या जागी आकाश कमी दिसतं, तिथे उपग्रह मिळायला वेळ लागतो. पॉइंटवरच्या लोखंडी रेलिंगपासून आणि गाडीच्या बॉनेटपासूनही लांब उभे राहा, लोखंडाजवळ ड्रोनचा होकायंत्र सेन्सर चुकतो.

वारा: कड्यावर तो आडवा नसतो

लहान ड्रोन साधारण सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास वारा सहन करतात. हवामान ॲपमध्ये "ताशी २० किलोमीटर" बघून बरेच जण निर्धास्त होतात. पण तो आकडा मोकळ्या जागेचा असतो. कड्यावर वाऱ्याचं वागणं वेगळं.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, भिंतीला आपटतो आणि वर चढतो. कावळेसादला पाणी उलटं उडतं ते यामुळेच. जो वारा पाण्याला वर फेकतो तो पाव किलोच्या ड्रोनलाही फेकणारच. काठाच्या थोडं आत आलात की हाच वारा गिरक्या घेत खाली येतो. म्हणजे काठाच्या अलीकडे खाली दाबणारी हवा आणि पलीकडे वर ढकलणारी. ड्रोन ही रेषा ओलांडतो तेव्हा सगळ्यात जास्त हेलकावे बसतात. पाणी उलटं उडत असेल तर तो ड्रोनचा दिवस नाही असं समजा आणि फोनने व्हिडिओ काढा.

दिवाळीनंतर चित्र उलटं होतं. थंडीतल्या सकाळी वारा बरेचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे ड्रोन दरीकडे भरभर जातो, आणि परत येताना वारा समोरून. जाताना दोन मिनिटं लागली म्हणून येताना दोनच लागतील असं नाही. म्हणून बॅटरीचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला.

धुकं, पाऊस आणि एसी गाडी

आंबोली राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. पावसाळ्यात धुकं दरीतून दोन मिनिटांत वर येतं. धुक्यात तीन गोष्टी एकदम होतात. ड्रोन तुम्हाला दिसत नाही. ड्रोनच्या अडथळा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही, कारण त्यांना ओळखायला स्पष्ट आकार लागतो. आणि पंख्यांवर, मोटरवर पाण्याचे बारीक थेंब बसतात. बहुतेक लहान ड्रोन पाण्यापासून सुरक्षित नसतात. दरीत खाली पांढरं दिसायला लागलं की लगेच परत आणा, डोक्यावर यायची वाट बघू नका.

एक छोटी टिप: एसी गाडीतून काढलेला ड्रोन बाहेरच्या दमट हवेत आला की लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरते. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि बॅग उघडी ठेवा. परतल्यावर ड्रोन आणि बॅटऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

नियम काय सांगतात?

भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. आपल्या कामाचं एवढं:

- २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. ही वजनं सगळ्या सामानासकट. वर लावलेला फिल्टर आणि स्टिकरसुद्धा वजनात धरतात.
- २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी करून युनिक नंबर घ्यावा लागतो.
- नॅनोसाठी, आणि हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोसाठी, पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन लग्न, हॉटेल, रिसॉर्टचं शूट करणार असाल तर मायक्रोला लागतं.
- आकाशाचे तीन भाग आहेत: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात जमिनीपासून १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. त्यावर गेलात की पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची.
- चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हिरवा भाग नसतो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरवा फक्त ६० मीटरपर्यंत. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि गोव्यात मोपा आहे. आंबोली दोन्हींपासून लांब आहे, पण त्याच ट्रिपमध्ये परुळे, भोगवे किंवा पेडण्याकडे जाणार असाल तर नकाशा पुन्हा बघा.

हा नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर आहे. निघायच्या आदल्या दिवशी बघा, कारण भाग बदलू शकतात.

याशिवाय आंबोलीचं स्वतःचं एक प्रकरण आहे. आसपासचं बरंच जंगल संवर्धन राखीव क्षेत्रात येतं आणि हिरण्यकेशी मंदिराजवळची जागा २०२१ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, तिथे सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशासाठी. म्हणजे आकाश हिरवं असलं तरी तुम्ही उभे आहात ती जमीन वन विभागाची असू शकते. तिथे वन विभागाची परवानगी वेगळी लागते. आंबोलीत वन विभागाचं कार्यालय आहे, आधी तिथे जाऊन विचारा. जिल्हा प्रशासन कधीकधी ड्रोनबंदीचे आदेश काढतं, त्याबद्दल पोलीस ठाण्यातही चौकशी करा.

पॉइंटवरची शिस्त

स्कायडायव्हिंगच्या मैदानावर काही न लिहिलेले आणि काही लिहिलेले नियम असतात. दुसऱ्याच्या पॅराशूटला न विचारता हात लावायचा नाही. फिरत्या पंख्याच्या दिशेने चालायचं नाही. हवेत जो खाली आहे त्याला आधी उतरण्याचा हक्क. आणि अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे की किमान २०० उड्या होईपर्यंत अंगावर कॅमेरा लावू नये. कारण दोन आहेत. कॅमेऱ्यात दोऱ्या अडकू शकतात, आणि शॉटच्या नादात उंचीकडे दुर्लक्ष होतं. आपल्या पॉइंटसाठी यातूनच नियम काढता येतात:

- आधी उडवायला शिका, मग शूट करा. पहिली २०-२५ उड्डाणं मैदानात करा. आंबोली ही पहिल्या उड्डाणाची जागा नाही.
- सोबत एक जण फक्त ड्रोनकडे बघणारा हवा. तुमची नजर स्क्रीनवर असते. त्याने धुकं, पक्षी आणि माणसं बघायची. स्क्रीन बघत चालायचं नाही, बसून उडवलंत तर उत्तम. कावळेसादला दरीत पडून पर्यटकांचे जीव गेले आहेत.
- एका वेळी एकच ड्रोन. आधी कुणी उडवत असेल तर त्याचा उतरेपर्यंत थांबा. उतरणाऱ्याला जागा द्या.
- माणसांच्या डोक्यावरून नाही. मुख्य धबधब्याखाली रविवारी जत्रा असते. भिजलेल्या, अंघोळ करणाऱ्या लोकांचं, विशेषतः बायका-मुलांचं वरून शूटिंग करणं हा उघड अपमान आहे. घाटरस्त्यावरच्या वाहनांवरूनही नेऊ नका, वळणावरच्या ड्रायव्हरचं लक्ष उडालं की संपलं.
- कातळाला चिकटून नाही. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात. ड्रोनने त्या उठल्या तर तुमच्यावरच नाही, पॉइंटवरच्या सगळ्यांवर येतात.
- शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला तर ड्रोन उतरवा. आकाश त्याचं आहे.
- मंदिराजवळ, वाडीजवळ आधी विचारा. "काका, जरा ड्रोन उडवू काय?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा परवानगीबरोबर चांगली जागासुद्धा सांगतात.

ड्रोन दरीत पडला तर?

ॲपमध्ये शेवटचं ठिकाण दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग थांबा. ठिकाण दिसतंय म्हणजे तिथे पोचता येतं असं नाही. नकाशावर ४० मीटर लांब दिसणारा ड्रोन २०० मीटर खाली असू शकतो, तीच ती उंचीची गोष्ट. ओल्या कातळावर शेवाळ असतं, झाडी दाट असते आणि धुकं कधीही येतं. तुम्ही अडकलात तर तुम्हाला काढायला गावातलेच लोक दोर घेऊन जीव धोक्यात घालून उतरतात. गावात सांगा, वन विभागात सांगा, पाऊस संपल्यावर खालच्या बाजूने मिळतो का बघा. नाही मिळाला तर सोडून द्या. माणूस अडकला असेल तर ११२ लावा.

निघायच्या आधीची यादी

१. डिजिटल स्काय नकाशा, वन विभाग, पोलीस: तिन्ही झालं?
२. टेकऑफ आणि दरीच्या उंचीतला फरक लिहिला?
३. परतीची उंची आजच्या जागेप्रमाणे ठेवली?
४. सिग्नल गेल्यावर "परत ये" आहे?
५. होम पॉइंट नोंदला गेला?
६. पंखे तडकलेले नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना?
७. सोबतीला बघणारा कोण?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या बॅरोमीटरवरून दरीची खोली कळेल का?
नाही. तो फक्त तुमच्या जागेचा दाब सांगतो. आणि वादळ आलं तर तुम्ही जागेवर उभे असतानाही आकडा बदलतो.

२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे काहीच नियम नाहीत?
सूट पायलट सर्टिफिकेटची आहे. लाल-पिवळ्या भागाची, वनक्षेत्राची आणि लोकांच्या खासगीपणाची नाही.

आंबोलीत ड्रोनसाठी चांगला काळ कोणता?
ऑक्टोबर ते डिसेंबर. जंगल हिरवं असतं, हवा स्वच्छ, पाऊस थांबलेला. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी दरी सावलीत असते आणि दुपारनंतर उजेड कातळावर येतो.

पावसाळ्यात अजिबातच नाही?
उघडीप, वारा शांत आणि दरी तळापर्यंत स्वच्छ दिसत असेल तर माथ्यावर, काठाच्या आत थोडा वेळ. यातली एक जरी अट मोडली तर बॅग बंद.

शेवटी एकच सांगतो. पुढच्या वेळी टेकऑफ झाल्यावर स्क्रीनवरचा उंचीचा आकडा बघाल तेव्हा त्याच्यात दरीची खोली मनात मिळवा. जो आकडा येईल तो तुमचा खरा आकडा. हा लेख ट्रिपच्या ग्रुपवर पाठवून ठेवा, आंबोलीत रेंज मिळेलच असं नाही.